पाण्यावर रिसर्च करायचाय, पण पैसे कोण देणार?

नवीन माणूस सगळ्यात आधी काय करतो, तर सर्चमध्ये "वॉटर रिसर्च ग्रँट" टाकतो. मग शंभरेक लिंका येतात, त्यातल्या निम्म्यांची डेडलाईन होऊन गेलेली असते, उरलेल्यातल्या बऱ्याच फक्त त्या त्या देशातल्या लोकांसाठी असतात, आणि दोन दिवस त्यात घालवले की माणूस वैतागून म्हणतो आपल्या विषयाला पैसाच नाहीये. मीही हेच केलं होतं. पैसा असतो, पण तो "पाणी" अशी पाटी लावून ठेवलेला नसतो. कुणाला रोगराईची काळजी असते, कुणाला शेतीची, कुणाला पुराची, कुणाला नदीतल्या माशांची, आणि त्या काळजीपोटी ते पैसे देतात, पाणी त्यात आपसूक येतं. म्हणून आपला प्रश्न नक्की कुणाच्या काळजीचा आहे ते आधी शोधायचं आणि फॉर्म नंतर भरायचा. खाली जे काही सांगतेय ते सगळं याच क्रमाने आहे.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात बसवा

लॅपटॉप बाजूला ठेवा, कागद घ्या. "नदीच्या पाण्याच्या गुणवत्तेचा अभ्यास" हा प्रश्न नाही, हे टायटल आहे आणि ते जगातल्या कुठल्याही नदीला चिकटवता येतं. त्याऐवजी असं लिहून बघा: "पाऊस संपल्यावर पहिल्या तीन महिन्यांत या भागातल्या विहिरींमध्ये नायट्रेट वाढतं, ते खतातून येतं की सांडपाण्यातून?" आता यात कुठलं पाणी ते आलं, काय मोजायचं ते आलं, काळ आला, आणि उत्तर मिळालं तर कोण काय वेगळं करेल हेही दिसतंय, कारण खत कारण निघालं तर शेतकऱ्यांशी बोलावं लागेल आणि सांडपाणी निघालं तर संडासाच्या टाक्या आणि गटारं बघावी लागतील.

हेच वाक्य आता तीन दारांवर घेऊन जा. आरोग्यवाल्यांकडे गेलात तर नायट्रेटमुळे बाटलीने दूध पिणाऱ्या लहान बाळांना होणारा त्रास वर येतो. शेतीवाल्यांकडे गेलात तर वाया जाणारं खत वर येतं. आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था, म्हणजे आयएईए, तिच्याकडे गेलात तर नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या आयसोटोपवरून (म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंवरून) उगम ओळखण्याची पद्धत वर येते. हो, अणुऊर्जेची संस्था पाण्यावर काम करते, पावसातल्या आयसोटोपचं तिचं जागतिक नेटवर्क १९६० पासून चालू आहे. तिच्या कोऑर्डिनेटेड रिसर्च प्रोजेक्टमध्ये अनेक देशांतल्या संस्था एकाच विषयावर काही वर्षं एकत्र काम करतात आणि विकसनशील देशांतल्या संस्थांना त्यात थोडाफार पैसाही मिळतो. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. बघा, विहिरी त्याच, बाटल्या त्याच, फक्त प्रपोजलचा पहिला परिच्छेद वेगळा.

पण मी खोटं लिहा म्हणत नाहीये हं. आरोग्याच्या ग्रँटसाठी अप्लाय केलं तर टीममध्ये आरोग्यातला माणूस लागतोच, नुसता पहिला परिच्छेद रंगवला तर रिव्ह्यूअरला, म्हणजे प्रपोजल तपासणाऱ्याला, दुसऱ्या पानावर कळतं.

पायरी २: पैसा कुणाच्या खिशातला आहे ते ओळखा

पहिला खिसा म्हणजे देशाच्या विज्ञान संस्था. अमेरिकेची एनएसएफ (१९५० सालची), जर्मनीची डीएफजी, ब्रिटनची एनईआरसी, आणि बहुतेक देशांत असं काहीतरी असतंच. यांना नवीन ज्ञान हवं असतं. एनएसएफ तर उघड दोन कसोट्या लावते, एक म्हणजे यात विज्ञान म्हणून काय नवीन आहे आणि दुसरी म्हणजे समाजाला याचा काय उपयोग, आणि एका पानाच्या समरीत या दोन्हींना वेगवेगळं उत्तर द्यावं लागतं. दुसरं उत्तर "विद्यार्थ्यांना ट्रेनिंग मिळेल" एवढ्यावर गुंडाळणारे लोक खूप आहेत, आणि ते तिथेच मार्क घालवतात.

दुसरा खिसा पाण्याचंच काम बघणाऱ्या सरकारी खात्यांचा. यात मला आवडणारी सिस्टीम अमेरिकेतली आहे. १९६४ च्या एका कायद्यामुळे तिथे प्रत्येक राज्यात युनिव्हर्सिटीच्या आत एक पाणी संशोधन इन्स्टिट्यूट आहे, बेटं वगैरे धरून एकूण ५४, आणि यूएसजीएस (तिथलं भूवैज्ञानिक सर्वेक्षण खातं) मार्फत येणाऱ्या पैशातून ती छोट्या प्रोजेक्टसाठी कॉल, म्हणजे अर्ज मागवणारी जाहिरात, काढतात. तिथे शिकत असाल तर एनएसएफच्या आधी या दारावर जा, कारण स्पर्धा राज्यापुरती असते आणि विद्यार्थ्याला कामाला लावणं हा तिचा उद्देशच आहे.

तिसरा खिसा पाणी वापरणाऱ्यांचा. दक्षिण आफ्रिकेत १९७१ च्या कायद्याने वॉटर रिसर्च कमिशन उभं राहिलं आणि त्याचा पैसा पाणीवापरावरच्या आकारातून येतो, म्हणजे पाणी वापरणाराच संशोधनाचे पैसे भरतो. अमेरिकेतलं वॉटर रिसर्च फाउंडेशनही बरंचसं पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थांच्या वर्गणीवर चालतं. या लोकांना सुंदर थिअरीत फारसा रस नसतो, त्यांच्या प्लँटमधला गाळ किंवा पाइपमधली गळती कमी होणार का ते सांगा.

चौथा खिसा अनेक देशांनी मिळून भरलेला. होरायझन युरोप हा युरोपीय संघाचा संशोधनाला पैसा देणारा कार्यक्रम २०२१ ते २०२७ आहे, सुरुवातीला साधारण ९५.५ अब्ज युरोचा, पण आकडा बघून हुरळून जाऊ नका. त्यातल्या मोठ्या प्रोजेक्टना साधारणपणे किमान तीन वेगवेगळ्या देशांतल्या तीन संस्था लागतात, आणि नवख्याने असा कन्सॉर्शियम, म्हणजे संस्थांचा गट, स्वतः उभा करायला जाऊ नये, कुणाच्या तरी टीममध्ये एखादा तुकडा मागून घ्यावा. बेल्मॉन्ट फोरम (संशोधनाला पैसा देणाऱ्या देशोदेशींच्या संस्थांचा २००९ सालचा गट) आणि युरोपातली वॉटर फॉर ऑल ही पार्टनरशिप यांच्या कॉलमध्ये तर आणखी एक मेख आहे, प्रपोजल एकत्र जातं पण बहुतेक वेळा प्रत्येक पार्टनरला पैसा आपापल्या देशाच्या संस्थेकडून येतो. म्हणजे तुमच्या देशाने त्या कॉलमध्ये भाग घेतलाच नसेल तर तुमच्या वाट्याला शून्य, विषय कितीही भारी असो. कॉलच्या शेवटी देशांप्रमाणे जे नियम दिलेले असतात ते आधी वाचा, मग बाकीचं.

पाचवा म्हणजे फाउंडेशन आणि सोसायट्या, आणि नवख्यांनी खरं तर इथूनच सुरुवात करावी. रफर्ड फाउंडेशन विकसनशील देशांतल्या निसर्गसंवर्धनाच्या कामाला छोट्या ग्रँट देतं आणि पहिलं काम नीट पूर्ण केलं की पुढच्या टप्प्याची मागता येते. पण नुसतं पाण्याचं केमिस्ट्री मोजतो म्हणालात तर तिथे दाद लागणार नाही, त्यात कासव, मासा, पाणथळ जागा असं काहीतरी जिवंत हवं. नॅशनल जिऑग्राफिक सोसायटी आहे. अमेरिकन जिओफिजिकल युनियनची हॉर्टन ग्रँट खास जलविज्ञानातल्या पीएचडीवाल्यांसाठी आहे. अमेरिकेतल्या युनिव्हर्सिट्यांचा क्वासी नावाचा जलविज्ञानाचा गट आहे, त्यांची पाथफाइंडर फेलोशिप विद्यार्थ्याला दुसऱ्या साइटवर किंवा दुसऱ्या लॅबमध्ये जाऊन कामात भर घालायला मिळते.

आणि प्रोजेक्टला नाही तर माणसाला मिळणारा पैसा वेगळाच, म्हणजे स्कॉलरशिप. जर्मनीची डाड, अमेरिकेची फुलब्राइट, ब्रिटनची कॉमनवेल्थ हे सगळ्यांना माहीत असतं. कमी माहीत असलेल्यांत युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडस स्कॉलरशिपचे पाण्यावरचे मास्टर्स, ज्यात भूजल आणि हवामानबदलाचा ग्राउंडवॉच नावाचा एक कोर्स लिस्बन, डेल्फ्ट आणि ड्रेस्डेन अशा तीन ठिकाणी मिळून चालतो. मग इटलीतल्या ट्रिएस्टेहून चालणाऱ्या टीडब्ल्यूएएस या विज्ञान अकादमीच्या फेलोशिप, आणि तिथूनच चालणाऱ्या ओडब्ल्यूएसडी या महिला वैज्ञानिकांच्या संस्थेच्या, ज्या विकसनशील देशांतल्या मुलींना पीएचडीसाठी मिळतात.

पायरी ३: आपण बसतो का ते पाच मिनिटांत बघा

कॉल उघडला की विषय वाचू नका. हो, उलटं वाटेल, पण आधी पात्रता वाचा. नागरिकत्व, पीएचडी होऊन किती वर्षं झाली, अर्ज विद्यार्थी करू शकतो की फक्त पर्मनंट फॅकल्टी, संस्था कुठल्या देशातली हवी. उदाहरण देते, युरोपीय संघाच्या मेरी क्युरी पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या) फेलोशिपला नागरिकत्वाची अट नाही हे ऐकून लोक खूश होतात, पण डेडलाईनच्या आधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावेत असा नियम आहे. म्हणजे ज्या देशात पीएचडी करताय तिथेच पोस्टडॉक मागायचा विचार असेल तर तारखा मोजून बघा. आणि बऱ्याच ठिकाणी विद्यार्थ्याच्या नावाने अर्ज जातच नाही, गाइडचं नाव वर आणि तुमचं आत, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, फक्त बजेटमध्ये तुमचा स्टायपेंड वेगळ्या ओळीत लिहिलेला आहे ना ते बघा.

पायरी ४: हातात आधी थोडा डेटा घ्या

डेटा नाही म्हणून ग्रँट नाही आणि ग्रँट नाही म्हणून डेटा नाही, हे रडगाणं सगळ्यांचंच असतं. याच्यावर उपाय म्हणजे फुकटचा डेटा. लँडसॅट उपग्रहांची चित्रं २००८ पासून फुकट आहेत, जुनं अर्काइव्ह १९७२ पर्यंत मागे जातं, त्यावरून एखाद्या तलावाचा पसारा वर्षानुवर्षं कसा आक्रसला ते घरी बसून काढता येतं. स्वॉट उपग्रह डिसेंबर २०२२ मध्ये गेला, तो नद्या-तलावांच्या पाण्याची उंची मोजतो. ग्रेस आणि त्याच्यामागून आलेला ग्रेस-एफओ हे उपग्रह २००२ पासून (मधला थोडा खंड सोडून) भूजलासकट एकूण पाणीसाठ्यातले बदल गुरुत्वाकर्षणावरून दाखवत आलेत, पण प्लीज, एका छोट्या ओढ्याच्या खोऱ्यासाठी ग्रेसचा ग्राफ लावू नका, तो साधारण लाखभर चौरस किलोमीटर किंवा त्याहून मोठ्या भागासाठीच धड बोलतो. अशी एक चूक दिसली की रिव्ह्यूअरचा पुढच्या पानांवरचा विश्वास उडतो. दोन साधे ग्राफ, दहा-बारा स्वतः घेतलेली सॅम्पल, एवढ्यावर छोटी ग्रँट मागायला हरकत नाही.

पायरी ५: अर्ज करण्याआधी एक मेल

बहुतेक कॉलमध्ये प्रोग्रॅम ऑफिसरचा किंवा संपर्काचा पत्ता असतो आणि नवीन लोक लाजून मेल करत नाहीत. करा. पण "मला आपल्या ग्रँटबद्दल माहिती हवी आहे" असा नको, त्याला उत्तर म्हणून फक्त वेबसाइटची लिंक येते. चार ओळी पुरतात: प्रश्न एका वाक्यात, तुम्ही काय मोजणार, कुठल्या कॉलसाठी विचार करताय, आणि शेवटी असा प्रश्न ज्याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येईल, जसं की "भूजल या कॉलच्या कक्षेत धरता का, की फक्त पृष्ठभागावरचं पाणी?" उत्तर "नाही" असं आलं तर दोन महिने वाचले.

पायरी ६: बजेट, म्हणजे बाटल्या

इथे मी जरा रेंगाळणारे, कारण पाण्याचे प्रोजेक्ट विज्ञानात कमी आणि बजेटमध्ये जास्त फसतात. मघाचंच उदाहरण घ्या. २० विहिरी, ६ फेऱ्या, झाली १२० सॅम्पल. त्यात दहा टक्के डुप्लिकेट (त्याच विहिरीचं पडताळणीसाठी दुसरं सॅम्पल) म्हणजे १२, आणि दर फेरीला एक फील्ड ब्लँक (बाटलीतूनच काही मिसळत नाही ना हे बघायला शुद्ध पाण्याचं सॅम्पल) म्हणजे ६, झाली १३८. प्रत्येक सॅम्पलच्या तीन बाटल्या, एक धातूंसाठी अॅसिड टाकलेली, एक नायट्रेट-क्लोराइडसाठी साधी, एक बॅक्टेरियासाठी निर्जंतुक. १३८ गुणिले ३, ४१४ बाटल्या. नवीन माणूस बजेटमध्ये १२० टेस्टचे पैसे लिहितो आणि मोकळा होतो.

मग वेळ. बॅक्टेरियाचं सॅम्पल काही तासांत लॅबला पोचायला हवं, नायट्रेटचं ४ अंशांवर ठेवून ४८ तासांच्या आत व्हायला हवं, म्हणजे आइस बॉक्स, बर्फ, आणि फेरीच्या दिवशी उभी राहणारी गाडी. लॅब लांब असेल तर एका दिवसात २० विहिरी होणारच नाहीत, मग दोन दिवस, दोन मुक्काम. हे सगळं ओळीओळीने लिहा. "ट्रॅव्हल" म्हणून एक गोल आकडा लिहिला की कापताना सगळ्यात आधी तोच कापतात, पण "६ फेऱ्या, प्रत्येकी २ दिवस, २ माणसं" असं लिहिलं तर कापणाऱ्याला आधी एक फेरी कापावी लागते, आणि ते करताना त्याचा हात अडखळतो.

माझा स्वतःचा किस्सा असा की पहिल्या प्रोजेक्टमध्ये मदतनीसाला ट्रेनिंग द्यायला एक दिवस ठेवायचा मी विसरले, आणि त्याने बिचाऱ्याने मनापासून काम करत सगळ्याच बाटल्यांमध्ये नायट्रिक अॅसिड टाकलं. नायट्रेट मोजायच्या बाटलीत नायट्रिक अॅसिड! आकडे असे आले की विहिरीत खताची पोती ओतल्यासारखे. ती पूर्ण फेरी फुकट गेली आणि परत करायला बजेटमध्ये दमडी नव्हती, शेवटी कॉन्फरन्सला जायचे पैसे तिकडे वळवायला परवानगी मागितली. तेव्हापासून ट्रेनिंगचा दिवस आणि एक जास्तीची फेरी मी लिहितेच.

मीटर घेताना कॅलिब्रेशनची द्रावणं आणि बदलायचा प्रोब वेगळा लिहा, पीएच आणि विरघळलेल्या ऑक्सिजनचे प्रोब कायमचे नसतात. नदीत डेटा लॉगर, म्हणजे आपोआप नोंदी ठेवणारं यंत्र, लावणार असाल तर एक जास्तीचा घ्या, पुरात वाहून जातो नाहीतर कुणीतरी उपटून नेतो.

ओव्हरहेडचं एकदाच नीट समजून घ्या. युनिव्हर्सिटी वीज, जागा, अकाउंट यांच्यासाठी ग्रँटमधून हिस्सा घेते. होरायझन युरोपमध्ये तो थेट खर्चाच्या २५ टक्के असा ठरलेला आहे. अमेरिकन सरकारी ग्रँटमध्ये ज्या संस्थेचा स्वतःचा ठरवून घेतलेला दर नाही तिला २०२४ च्या ऑक्टोबरपासून १५ टक्क्यांपर्यंत धरता येतो, आधी १० होता. छोटी फाउंडेशन बऱ्याचदा काहीच देत नाहीत, आणि मग युनिव्हर्सिटीच सही करायला खळखळ करते, त्यामुळे अकाउंटवाल्यांना कॉल उघडल्याच्या आठवड्यातच विचारा, डेडलाईनच्या आदल्या दिवशी नाही.

पायरी ७: पोर्टल नावाचा राक्षस

थोडक्यात सांगते. अमेरिकन सरकारी पैशासाठी संस्थेचं सॅम या सरकारी पोर्टलवर रजिस्ट्रेशन आणि यूईआय हा संस्थेचा ओळख नंबर लागतो, परदेशी संस्थेला तर आणखी कोड, याला आठवडे जातात. युरोपसाठी तसाच पीआयसी नंबर. हे नंबर बहुधा तुमच्या युनिव्हर्सिटीकडे आधीच असतात, फक्त कुणाकडे आहेत ते कुणाला माहीत नसतं. स्वतःचा ऑर्किड (संशोधकाचा ओळख) नंबर काढा, फुकट आहे. पीडीएफ दोन दिवस आधी चढवून बघा, पानांची मर्यादा ओलांडली (एनएसएफमध्ये मुख्य मजकूर साधारण १५ पानं) तर न वाचता परत येतं.

पायरी ८: नकार आला तर

येणारच, पहिल्यांदा तर हमखास. रिव्ह्यू आला की त्या दिवशी वाचू नका, राग येतो. चार दिवसांनी वाचा आणि प्रत्येक शेऱ्यापुढे लिहा: माझी चूक, मी नीट सांगितलं नाही, किंवा त्याला कळलं नाही. तिसऱ्या खान्यातले बहुतेक शेरे खरं तर दुसऱ्या खान्यातले असतात. परत पाठवायचे नियमही बघून ठेवा, मेरी क्युरीत ठरावीक टक्क्यांच्या खाली मार्क आले तर त्याच संस्थेबरोबर पुढच्या वर्षी परत अर्ज करता येत नाही, म्हणून तिथे अर्धंकच्चं काहीतरी "बघू तर टाकून" म्हणून टाकणं महागात पडतं.

पायरी ९: पावसाचं वेळापत्रक आणि पैशाचं वेळापत्रक

हे शेवटी ठेवलंय कारण हे कुणीच सांगत नाही. ग्रँटचं वर्ष आणि पाण्याचं वर्ष जुळत नाही. जलविज्ञानवाले त्यासाठी वेगळं वर्षच धरतात, यूएसजीएसचं पाणीवर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असतं. समजा तुमचा प्रश्न पाऊस संपल्यानंतरच्या तीन महिन्यांचा आहे आणि प्रोजेक्ट १२ महिन्यांचा. मंजुरीचं पत्र आलं, मग करार, मग युनिव्हर्सिटीत खातं उघडणं, मग मीटरची खरेदी, यात चार महिने सहज जातात आणि तोवर तुमचे ते तीन महिने निघून गेलेले असतात. पुढचा हंगाम येईल तेव्हा ग्रँट संपायला आलेली. म्हणून कॉलमध्ये सुरुवातीची तारीख सुचवता येत असेल तर हंगामाच्या किमान पाच-सहा महिने आधीची सुचवा. तसं जमत नसेल तर १८ महिन्यांचा प्रोजेक्ट मागा, नाहीतर पहिली फेरी उधारीच्या मीटरवर करायची तयारी ठेवा. परवानग्याही याच काळात काढायच्या, विहीरमालकाची, जंगलखात्याची, आणि पाण्यातला डीएनए दुसऱ्या देशात पाठवणार असाल तर नागोया करारामुळे (दुसऱ्या देशाची जैविक संपत्ती वापरण्याबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे) लागणारी, तिला फार वेळ लागतो.

आणि एखाद्या वर्षी पाऊसच पडत नाही. मग ज्या कोरड्या वर्षात मोजायचं काहीच नाही त्या वर्षाचे पैसे खर्च कसे करायचे? करू नका, एक्स्टेन्शन मागा. पैसे तेवढेच, मुदत जास्त, बऱ्याच संस्था याला तयार असतात आणि "पाऊस झाला नाही" हे कारण त्यांना समजतं. एनएसएफच्या ग्रँटमध्ये पहिलं एक वर्षापर्यंतचं एक्स्टेन्शन युनिव्हर्सिटी स्वतःच देऊ शकते, पण त्याची नोंद ग्रँट संपायच्या किमान दहा दिवस आधी व्हावी लागते, तेव्हा ती तारीख आजच मोबाइलमध्ये टाकून ठेवा, आणि रिमाइंडर दहा दिवसांचा नाही तर दोन महिन्यांचा लावा, कारण सही करणारे साहेब नेमके तेव्हाच रजेवर असतात.